बेटावरची पाहुणी आणि आमच्या गौरी

मी हे देवनागरीत लिहिते आहे, याचं श्रेय कुठल्या गुरूला नाही. ते माझ्या मत्सराला आहे. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत मराठी बोलतात, लिहीत नाहीत. शाळेत तमिळ आणि इंग्रजी, देवघरातल्या आरत्यासुद्धा तमिळ अक्षरांत उतरवलेल्या. त्या तशाच म्हणायच्या, अर्थ कळला तर कळला. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हा एक मुलगी आमच्या घरी राहायला आली. तिने आमच्याच देवघरातली जुनी छापील पोथी उचलली आणि घडाघडा वाचून दाखवली. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मा, भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्याच आठवड्यात मी बाजारातून अंकलिपी आणली आणि डाळीच्या डब्यामागे लपवून ठेवली. दुपारी सगळे झोपले की मी अ आ इ ई गिरवायची.

ती मुलगी मॉरिशसची. मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातलं एक बेट, तेवढंच एक अख्खं राष्ट्र, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिथे मराठी माणसं आहेत हे तर ऐकूनच मला हसू आलं होतं. तिच्या पणजोबांच्याही आधीच्या पिढीतली माणसं कोकणातून उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली आणि तिथेच राहिली. तिथल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर ती वीणा शिकायला आली होती. तिच्या वीणेच्या बाई जवळच्या तिरुवैयारुला राहायच्या. तिथे चांगली खोली मिळेना आणि आमची पुढची खोली मामंजी गेल्यापासून रिकामीच होती. यजमानांच्या बँकेतल्या कोणीतरी सुचवलं, "मराठीच मुलगी आहे, तुम्हांला सोबत होईल." सोबत हवी आहे का, हे मला कोणी विचारलं नाही.

त्या दिवसांत आमच्या गल्लीचं रूप बदलत होतं. राजवाड्यामागच्या भिंतींवरून केबलच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या होत्या, कोपऱ्यावर परदेशी फोन लावून देणारा बूथ उघडला होता, दुकानांत शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असायच्या. यजमानांच्या बँकेत संगणक येणार म्हणून सगळे धास्तावलेले. जग घरात येतंय असं सगळे म्हणत होते. आमच्या घरी ते खरोखरच एका निळ्या बॅगेसह आलं आणि त्याने अम्मांच्या पाया पडून "आजी, आपला आशीर्वाद असावा" असं म्हटलं.

पुस्तकातलं मराठी! आमच्या अम्मा विरघळल्याच. आम्ही बोलतो ते मराठी निम्मं तमिळ, अर्धवट तोडलेलं. ही मात्र शाळेत मराठी शिकलेली. घरी ते लोक फ्रेंचसारखी त्यांची क्रिओल बोलतात, पण मराठी शाळेत शिकवतात. "ऊस तोडणाऱ्यांनी भाषा जपली, आणि आम्ही राजाबरोबर आलेले लोक हरवून बसलो," असं यजमान हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. आपण राजाबरोबर आलो, हे आमच्या घरात जेवणाआधी ताट मांडावं इतक्या नेमाने सांगितलं जायचं. आमच्याजवळ अभिमान बाळगायला एवढंच तर होतं, आणि ती चार दिवसांत तेही घेऊन गेली.

आता माझ्या जळण्याचं मूळ सांगते. अम्मा कडक होत्या असं नाही. मला टोचून बोलल्या नाहीत, जाच केला नाही. त्या माझ्याशी फारसं बोलायच्याच नाहीत. "रसम झालं का", "दारात पिठाचा कोलम काढलास का", "धोब्याला कपडे दिलेस का". मी लहानपणीच आई गमावलेली, पापनाशमला काकूच्या हाताखाली वाढलेली. लग्न ठरलं तेव्हा मला नवऱ्यापेक्षा सासू मिळणार याचा आनंद जास्त झाला होता. हे हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. मला वाटायचं, एखाद्या दुपारी त्या मला जवळ बसवतील. ती दुपार आली नाही. मग ही मुलगी आली आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी मागच्या अंगणात गेले तर अम्मा पायरीवर बसल्या होत्या, ती खालच्या पायरीवर, आणि अम्मा तिच्या केसांना कोमट तेल लावत होत्या. डोक्याची मालिश, मग जाड दातांच्या फणीने गुंता सोडवणं, वर पुन्हा "किती कोरडे झालेत गे हे, समुद्राच्या वाऱ्याने". माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझे केस काय वाळवंटातले होते?

"वहिनी, आपण पण या ना," ती म्हणाली. मला वहिनी म्हणायची. मी म्हटलं, "कुकर लावलाय," आणि आत येऊन खरोखरच कुकर लावला.

तिचं बोलणं मात्र ऐकावं असं होतं, हे कबूल करावं लागतं, आणि त्यामुळे जास्तच राग यायचा. संध्याकाळी वीणेचा रियाझ झाला की ती ओसरीवर अम्मांजवळ बसायची आणि त्यांच्या बेटाच्या गोष्टी सांगायची. मी आत भाजी चिरत असायची, पण कान बाहेर. तिथे शेतात जागोजाग काळ्या दगडांचे ढीग उभे आहेत म्हणे, देवळाच्या पायथ्यासारखे उंच. ऊस लावायच्या आधी जमीन साफ करायची म्हणून मजुरांनी एकेक दगड उचलून रचले. बायकासुद्धा, पाठीला मूल बांधून. दगड वाहणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, पण ढीग आहेत, आणि आज त्यांवर वेली चढल्यात. तिची आजी म्हणायची, यातला एखादा ढीग आपलाही असेल, म्हणून कुठल्याही ढिगाकडे पाठ करून बसायचं नाही. मग वादळं. वादळ येणार असलं की रेडिओवर एक, दोन, तीन असे इशारे देतात. तीनवर दुकानं बंद, चारवर कोणी दाराबाहेर पडत नाही. लहानपणी त्यांचं घर पत्र्याचं होतं. एका वादळात छप्पर उडालं आणि सकाळी ते दोन घरं पलीकडे, एका चिनी दुकानदाराच्या अंगणात सापडलं. त्याने ते परत आणून दिलं आणि वर पावाची पिशवी दिली. तिची आई स्वेटर विणण्याच्या कारखान्यात जायची. त्याच पैशांतून सिमेंटची खोली झाली आणि वीणाही आली.

मला आवडायच्या त्या प्राण्यापाखरांच्या गोष्टी. माणूस यायच्या आधी त्या बेटावर पिल्लांना दूध पाजणारा एकही प्राणी नव्हता, वटवाघळंच काय ती. ती अजून आहेत, कुत्र्याच्या तोंडाची, मोठी, आणि लिचीच्या हंगामात बागवाल्यांच्या शिव्या खातात. एक जाडा पक्षी होता, त्याला उडताच येत नव्हतं. त्याला माणसाची भीती ठाऊक नव्हती, तो जवळ येऊन उभा राहायचा. तो संपला. आणि एक गुलाबी पारवा. तोही संपायलाच आला होता, जंगलात उंदीर आणि माकडं त्याची अंडी खायची. मग तिथल्या लोकांनी काही पारवे पकडून पिंजऱ्यांत ठेवले. तिचा भाऊ तिथेच काम करायचा. ते पारवे अंडी नीट उबवत नाहीत, म्हणून ती अंडी उचलून दुसऱ्या जातीच्या साध्या पारवीखाली ठेवतात. ती बसते, उबवते, पिल्लं वाढवते.

अम्मांनी विचारलं, "तिला कळत नाही का गे, परक्याचं अंडं म्हणून?"

"कळत असेल, आजी. पण ती बसते."

अम्मा खूप वेळ हसत होत्या. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ती साधी पारवी माझ्या डोळ्यांसमोर ओसरीवरच बसलेली होती, आणि तिच्या पंखाखाली परक्या बेटाचं अंडं होतं. घरातलं अंडं स्वयंपाकघरात भेंडी चिरत होतं.

भाद्रपद जवळ आला तसं माझं मन एकाच गोष्टीत अडकलं. आमच्या घरी गणपतीच्या मागोमाग दोन गौरी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळी मुखवटे, तांब्याच्या घागरींत तांदूळ भरून त्यांवर बसवायचे, रेशमी साड्या नेसवायच्या. पहिल्या दिवशी तुळशीपासून त्यांना सुपांत ठेवून घरात आणायचं. ज्येष्ठा आणायचा मान घरच्या मोठ्या सुनेचा, कनिष्ठा धाकटीचा. अम्मा लग्न होऊन आल्या तेव्हापासून कनिष्ठा आणायच्या, त्यांच्या सासूबाई गेल्यावर ज्येष्ठा. मी आल्यापासून कनिष्ठा माझी. ज्येष्ठेचं नाक पूजेने झिजून गुळगुळीत झालं होतं. कनिष्ठेचं अजून टोकदार होतं. मला ते झिजलेलं नाक आवडायचं.

मामंजी गेले त्या वर्षी सण झाला नाही. हा त्यानंतरचा पहिला भाद्रपद. अम्मा आता विधवा होत्या, आणि आमच्याकडे विधवेने गौर आणायची नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे ज्येष्ठा माझी होणार. पण मला ती नुसती मिळायला नको होती. मला ती अम्मांच्या हातून हवी होती. त्यांनी मुखवटा फडक्यातून काढावा, माझ्या हातात द्यावा आणि म्हणावं, "या वर्षीपासून तू आण." एवढं एकच वाक्य. इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलं नव्हतं ते सगळं मी त्या एका वाक्यात घेणार होते. गणपती बसले, दिवस जात होते, आणि अम्मा काही बोलत नव्हत्या.

पाहुणीला सण आहे हे कळलं तेव्हा ती नाचलीच. त्यांच्याकडे मुखवटे नसतात. कोकणातल्यासारख्या खड्यांच्या गौरी, पाण्याकाठचे खडे वेचून आणायचे. "वहिनी, मी पण माझ्या गौरी आणते," म्हणून सकाळीच नदीवर गेली. मला ठाऊक होतं काय होणार, पण मी बोलले नाही. आमचा हा सगळा कावेरीचा गाळ. या मुलुखात कितीही खणा, चिखल आणि वाळू. खडा म्हणून मिळायचा नाही. दुपारी घामाघूम होऊन परत आली, साडीचा काठ चिखलाने भरलेला, हात रिकामे. "आमच्याकडे दगड इतके, की उचलून उचलून माणसं मेली," ती म्हणाली, "आणि इथे गौरीपुरते पाच नाहीत!" तिचा चेहरा रडवेला झाला होता. मला फार बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी आमच्या मातीने तिला दिली नव्हती. तेवढ्यात अम्मांनी आपल्या देवघरातले शाळिग्रामाशेजारचे गुळगुळीत गोटे काढून तिच्या ओंजळीत घातले. काशीहून कोणीतरी आणलेले. माझं बरं वाटणं संपलं.

गौरी यायच्या आदल्या दिवशी शेजारच्या मामी ओट्यावर आल्या. त्याही आमच्यातल्याच, मराठी, गल्लीतल्या सगळ्या रीतींवर त्यांची नजर. "काय गे," त्या अम्मांना म्हणाल्या, "या वर्षी ज्येष्ठा सुनेनंच आणायची की. अजून कोण?"

अम्मा म्हणाल्या, "हं."

एवढंच. ज्या वाक्याची मी वाट पाहत होते त्याच्या जागी एक हुंकार, आणि तोही मामींना, मला नाही. मी सोळा भाज्या धुवायला घेतल्या आणि नळ इतका जोरात सोडला की सगळी फरशी ओली झाली.

मामी गेल्यावर आम्ही तिघी स्वयंपाकघरात शेंगा सोलायला बसलो. पाहुणी म्हणाली, "आजी, ज्येष्ठा आपण आणणार नाही?"

"मी कशी आणू गे? मामंजी नाहीत की हिचे," अम्मा माझ्याकडे हनुवटी करून म्हणाल्या.

"पण आमच्याकडे विधवा आणतात."

ती पुढे सांगत राहिली, शेंगा सोलता सोलता, अगदी साधेपणाने. मळ्यातल्या वस्तीवर सुरुवातीला बायका थोड्या होत्या. गौरीचं सगळं येत होतं ती तिच्या आजीची आजी. तिचा नवरा पहिल्याच वर्षी तापाने गेला. सण आला तेव्हा वस्तीवर सवाष्णी होत्या, पण त्यांना गाणी येत नव्हती, गौरी कशा आणायच्या ते ठाऊक नव्हतं. मग तीच समुद्राकाठी गेली, खडे वेचले, पदरात घेतले आणि आली. "ती थांबली असती तर आमच्या घरात गौर आलीच नसती. तेव्हापासून आमच्यात घरातली सगळ्यात मोठी बाई आणते. नवरा असो वा नसो."

अम्मांच्या हातातली शेंग तशीच होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. त्या काही दिवस गप्प होत्या त्या मला ज्येष्ठा द्यायची नव्हती म्हणून नव्हे. त्यांना ज्येष्ठा सोडवत नव्हती. हे मला कळायला एका परदेशी पोरीला तोंड उघडावं लागलं, याचा मला इतका संताप आला की मी म्हणाले, "ती मळ्यातली रीत. आम्ही राजांबरोबर आलेली माणसं."

पाहुणी लाल झाली. अम्मा तिच्याकडे वळून, लेकराशी बोलावं तशा म्हणाल्या, "तुमची रीत तुमच्या बेटाची, कण्णू. तू म्हणालीस म्हणून मी आणली तर गल्ली हसेल. ते घरच्या सुनेनं म्हणायचं असतं."

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. बोलावलं नाही, विचारलं नाही. फक्त ते वाक्य तिथे ठेवून दिलं.

मी गप्प बसले असते तर ज्येष्ठा माझी होती. कोणी नाव ठेवलं नसतं. पण मग अम्मांच्या मनात कायमचं राहिलं असतं, की त्यांच्या मनातलं त्या मुलीने ओळखलं आणि सुनेने दार लावून घेतलं. दरवर्षी मी ती ज्येष्ठा घेऊन येताना त्यांना ती मुलगी आठवली असती. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि मी म्हणाले तर ज्येष्ठा गेली. जिच्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली ती माझ्याच तोंडाने गेली. मी दोन्हीकडून हरत होते, पण एकीकडे हरताना ती मुलगी तरी जिंकत नव्हती.

"तुम्हीच आणा," मी म्हणाले. दूधवाल्याला पाणी घातल्याबद्दल झापावं त्या आवाजात. "यात विचारायचं काय? तुमचीच आहे ती."

"सेरि," अम्मा म्हणाल्या. बरं, एवढंच.

जरा वेळाने, शेंगांची सालं केराच्या डब्यात टाकत त्या म्हणाल्या, "मग कनिष्ठा हिला देऊ. कुमारिका आहे, चालतं की."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "आणि मी?"

"तू आत उभी राहा. आत कोणी नको का?"

आत उभं राहणं म्हणजे काय, तर उंबऱ्याच्या आतून "कोण आली" म्हणून विचारणं. ते काम आजवर हाताशी असेल ती बाई करायची, बहुतेक मामीच. म्हणजे ज्येष्ठा गेली, कनिष्ठाही गेली, आणि मला शेजारणीचं काम मिळालं. त्या संध्याकाळी मी भांडी अशी आदळली की यजमान बाहेरून म्हणाले, "वादळ आहे का? कितवा इशारा?" पाहुणीच्या गोष्टी त्यांनीही ऐकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तुळशीपासून दारापर्यंत मी तांदळाच्या पिठाची पावलं काढली. कोणी काढायची होती? मीच. गल्लीतल्या बायका जमल्या. अम्मांच्या हातात ज्येष्ठेचं सूप दिसलं तशी कुजबूज झाली. मामींचा चेहरा आंबट झाला. मी उंबऱ्याच्या आत हळदकुंकवाचं ताट आणि दूधपाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. इतर सगळ्यांपेक्षा जास्त चिडलेली मीच असेन, पण ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

अम्मा पुढे, पाहुणी मागे. तिने अम्मांचीच जुनी रेशमी साडी नेसली होती, हिरवी, जांभळ्या काठाची. त्या दोघींनी पावलापावलाने अंगण ओलांडलं.

"कोण आली?" मी विचारलं.

"गौरी आली," अम्मा म्हणाल्या. मागून पाहुणीही म्हणाली, खणखणीत. तिला सगळं येत होतं. त्यांच्या बेटावर हेच विचारतात, हेच सांगतात.

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

"काय घेऊन आली?"

"धनधान्य घेऊन आली, लेकीबाळी घेऊन आली."

त्या उंबऱ्यापाशी थांबल्या. मी खाली बसून अम्मांच्या पायांवर दूधपाणी घातलं. त्यांचे पाय मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते, टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळवंडलेलं. मग पाहुणीचे पाय धुतले. ओल्या पावलांपाशी पिठाची पावलं पसरली. मी उठले, ज्येष्ठेला कुंकू लावलं, तिच्या झिजलेल्या नाकाच्या वर, मग कनिष्ठेला लावलं.

आणि तिथे मी अडले. गौर आणणारीला कुंकू लावून मग आत घ्यायचं असतं. दरवर्षी मामी माझ्या कपाळाला लावायच्या, अम्मांच्या कपाळाला लावायच्या, आणि मी त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आता अम्मा समोर उभ्या होत्या, आणि त्यांचं कपाळ मामंजी गेल्यापासून मोकळं होतं.

मामी मागून म्हणाल्या, "देवीला लावलंस की, पोदुम. आत घे."

पुरे, आत घे. मी ताट धरून उभी राहिले. अम्मांनी मामींकडे पाहिलं नाही. गौरीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, सरळ, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते वाचायला कोणाची मदत लागली नाही. या जागेवर त्यांना मीच हवी होते. म्हणून कनिष्ठा दुसऱ्या हातात दिली होती.

त्यांनी डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

मी एकदाच त्या मुलीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात सुपात गुंतलेले होते. माझे मोकळे होते. मी बोट कुंकवात बुडवलं आणि अम्मांच्या कपाळावर टिळा लावला, मोठा, ठसठशीत, मामींना गल्लीच्या टोकावरूनही दिसेल असा.